टेबलावर एकच नाक

पाच ज्ञानेंद्रियांत नाकाचा मान सर्वांत धाकटा. डोळ्यांसाठी आपण चष्मे घडवले, कानांसाठी यंत्रे घडवली, जिभेचे चोचले पुरवण्यात तर अर्धे आयुष्य घालवले. नाकाच्या वाट्याला सर्दीचा रुमाल तेवढा आला. दर्शनकारांनी मात्र गंध हा पृथ्वीचा विशेष गुण मानला. ज्या तत्त्वावर आपण पाय रोवून उभे असतो, त्याची ओळख पटवण्याचे काम त्यांनी या उपेक्षित इंद्रियाकडे सोपवले. आमच्या गल्लीच्या टोकाला, लहानसहान यंत्रांच्या बॅटऱ्या बदलून देणाऱ्या एका दुकानात, हे काम एका बाईंच्या नाकाने वर्षानुवर्षे निष्ठेने केले. ते नाक एकाएकी मुके झाले, आणि त्यामुळे एका घरावर जो प्रसंग ओढवला, तो सांगण्यासाठी हा प्रपंच.

त्या बाईंना सगळे वहिनी म्हणतात. पंचाहत्तरी ओलांडलेले गृहस्थही वहिनी म्हणतात आणि दप्तर पाठीला लावलेली मुलेही वहिनीच म्हणतात. जगन्माता असते तशी आमची ही जगद्‌वहिनी, अशी त्यांच्या दिरांची नेहमीची थट्टा आहे. दीर दुकानाच्या दर्शनी भागात बसतात. फोनची कव्हरे, वायरी, कानात घालायची बोंडे यांच्या माळा तिथे छतापासून लोंबत असतात. त्यांच्या पाठीमागे कमरेएवढी भिंत आणि भिंतीपलीकडे वहिनींचे टेबल. टेबलावर काचेचा एक जाड तुकडा, चिमटे, प्लास्टिकच्या पातळ पट्ट्या, वीज मोजण्याचे यंत्र. पायाशी वाळूने भरलेली बादली. उजव्या हाताला अंगणात उघडणारे मागचे दार, आणि डाव्या हाताला वरच्या मजल्यावरच्या घरात जाणारा लाकडी जिना. या जिन्याखालच्या पोकळीत एक लोखंडी मांडणी आहे. दुरुस्त केलेल्या बॅटऱ्या परत देण्यापूर्वी त्या मांडणीवर चार्जिंगला लावून पाहतात.

वर घरात वहिनींचे सासरे असतात. दुकान त्यांचेच. पायांनी त्यांची साथ सोडून बरीच वर्षे झाली. पलंग, खिडकीजवळची खुर्ची आणि पुन्हा पलंग एवढीच त्यांची प्रदक्षिणा. खाली यायचे तर कुणीतरी उचलून आणावे लागते, आणि उचलून आणायला तो लाकडी जिना सोडून दुसरी वाट नाही. पुढचे सारे समजण्यासाठी ही गोष्ट ध्यानात ठेवावी.

सासरे मूळचे घड्याळे दुरुस्त करणारे. पुढे पुन्हा भरता येणाऱ्या बॅटऱ्या आल्या आणि त्यांनी वयाच्या पन्नाशीत नवी विद्या आत्मसात केली. साधा सेल संपला की संपतो; मरण त्याच्या प्रकृतीतच आहे. ही नवी बॅटरी मात्र रोज रिती होते आणि रोज भरून उठते, आणि या नित्य पुनर्जन्मासाठी तिच्या पोटात एक अस्वस्थ द्रव कायम कोंडून ठेवावा लागतो. चकाकत्या पातळ वेष्टनात तो सुखाने नांदतो तोवर बहिऱ्याला ऐकू येते आणि मुलांची खेळणी पळतात. वेष्टनाला सुईच्या अग्राएवढे छिद्र पडले, तर तो बाहेरच्या हवेशी भांडण उकरून काढतो. तापतो, फुगतो, पेटतो. पेटण्यापूर्वी बहुधा एक गोडसर वास सोडतो, नखांच्या रंगासारखा, अतिपिकल्या फळासारखा. म्हणून सासऱ्यांचा दंडक होता की प्रत्येक बॅटरी यंत्रातून सुटली की हळूच नाकाजवळून न्यायची. आधी नाक, मग हात.

घरात नवी सून आली तेव्हा दुकानातले काम तिच्या गावीही नव्हते. एके दिवशी ती सासऱ्यांसाठी पाण्याचा तांब्या घेऊन खाली आली आणि दारातच थबकून म्हणाली, "मामंजी, इथे कुठे फळ कुजतंय का?" सासऱ्यांनी खण उपसले. तळाच्या खणात, कापडात गुंडाळलेली एक बॅटरी पाझरत होती. तिचा वास त्यांच्या स्वतःच्या नाकाला लागला नव्हता. त्यांचे दोन्ही मुलगे तिथेच उभे होते. थोरल्याचे, म्हणजे वहिनींच्या नवऱ्याचे, मन चाकांत रमणारे, तो पुढे मालाची गाडी घेऊन गावोगाव फिरू लागला. धाकट्याचे मन गिऱ्हाइकांत. टेबल सुनेकडे गेले.

धाकट्याला, म्हणजे दिरांना, त्या काळात एक खोड होती. अत्तर लावलेले गिऱ्हाईक आत आले तरी ते "वास, वास" म्हणून उठायचे. एकदा या आरोळीपायी कुणाची धडधाकट बॅटरी पाण्यात बुडवली गेली आणि फजिती झाली. तेव्हा सासऱ्यांनी दुसरा दंडक घातला: टेबलावर एकच नाक. वहिनी टेबलाशी असताना वासाविषयी दुसऱ्या कुणी तोंड उघडायचे नाही. घराने हा नियम इतका अंगी बाणवला की पुढे तो नियम आहे हेच विसरले गेले.

आणि मग त्या वर्षीच्या थंडीत वहिनींना ताप आला. ताप उतरला, अशक्तपणा गेला, सगळे पूर्ववत झाले असे वाटले. एका सकाळी त्या शेगडीपाशी पाठमोऱ्या उभ्या राहून पातेल्यांवर झाकणे ठेवीत होत्या आणि धाकटी जाऊ धावत आत आली. दूध उतू जाऊन, करपून, पातेल्याच्या बुडाला काळेकुट्ट झाले होते. "ताई, लक्ष कुठंय? थोरल्या भाऊजींची आठवण येतेय वाटतं," असे म्हणून जाऊ हसली. वहिनीही हसल्या. मग त्यांनी पातेले उचलले, तोंडाजवळ नेले आणि दीर्घ श्वास घेतला. काही नाही. साबण हुंगला, रॉकेलची बाटली हुंगली, स्वतःचा पदर हुंगला. जग जसेच्या तसे होते, फक्त त्यातून पृथ्वी वजा झाली होती.

डॉक्टर म्हणाले, वास परत येईलही, न येईलही. वाट पाहा.

वहिनींनी हे कुणालाही सांगितले नाही. यात निव्वळ अहंकार होता असे म्हणणे अन्यायाचे होईल. दिरांच्या मनात कधीपासून होते की टेबल काढावे, मधली भिंत पाडावी आणि सगळी जागा कव्हरे आणि नव्या फोनांना द्यावी. ते दुष्ट नव्हते. त्यांचा हिशेब त्यांच्या परीने सरळ होता. सासऱ्यांनी हा विषय दरवेळी एकाच वाक्याने मिटवला होता, "जोवर नाक आहे तोवर टेबल आहे." ते वाक्य वहिनींनी जिन्यावर उभे राहून स्वतःच्या कानांनी ऐकले होते. आता त्याचा न उच्चारलेला उत्तरार्ध त्यांना रोज ऐकू येऊ लागला.

म्हणून त्या बॅटरी नाकाजवळ नेत राहिल्या. श्वास ओढायच्या, मान हलवायच्या, बॅटरी खाली ठेवायच्या. आत मात्र दुसरी साधने जमवीत होत्या. बॅटरी काचेवर ठेवून डुलते का पाहायच्या, मनगटाची आतली बाजू टेकवून ऊब तपासायच्या, कानाशी धरून सूक्ष्म फुसफुस ऐकायच्या. फुगलेली बॅटरी आली की काही सबब सांगून परत पाठवायच्या. संध्याकाळी वर जाऊन सासऱ्यांचे पाय चेपताना त्यांच्या मनात एकच विचार घोळत असे, की या खोलीच्या थेट खाली ती मांडणी आहे. रोज रात्री त्या ठरवीत, उद्या सांगायचे. रोज सकाळी दिरांच्या कव्हरांचे नवे खोके येत आणि त्यांची जीभ आवळली जाई. खोकी ठेवायला जागा नव्हती, तेव्हा दिरांनी ती मागच्या दाराला लावून रचायला सुरुवात केली होती. त्यावरही त्या काही बोलल्या नाहीत. स्वतःकडे झाकलेले काही असले की दुसऱ्याला टोकण्याचा अधिकार माणूस आपोआप गमावून बसतो.

त्या दिवशी सकाळी समोरच्या शिंपीणबाई मुलीचा टॅब्लेट घेऊन आल्या. चार्जिंगची जागा बिघडली होती. ती बदलायची तर बॅटरी सोडवणे भाग होते, आणि बॅटरी डिंकाने घट्ट बसवलेली. वहिनींनी प्लास्टिकची पट्टी सरकवून ती सोडवली, पण सुटता सुटता वेष्टनाचा एक कोपरा दुमडला. असे कधीकधी होते. दुमडलेल्या कोपऱ्याचा निवाडा करायला सासऱ्यांच्या विद्येत एकच साक्षीदार होता. वास असेल तर बॅटरी तत्काळ वाळूत. वास नसेल तर मांडणीवर लावून लक्ष ठेवायचे. वहिनींनी बॅटरी नाकाजवळ नेली. श्वास ओढला. मान हलवली. मग काचेवर ठेवली, डुलली नाही. मनगटाला टेकवली, गार होती. कानाशी धरली, शांत होती. तीन साक्षीदारांनी निर्दोष ठरवले. चौथा, जो खरा जाणकार, तो मूक होता. त्यांनी ती मांडणीवर ठेवली आणि चार्जिंगला लावली.

दुपार झाली तेव्हा पुकारेकाका आले.

पुकारे हे काही त्यांचे आडनाव नव्हे. बसस्थानकावर गाड्यांच्या वेळा पुकारण्यात त्यांची हयात गेली. त्या भारदस्त आवाजाने गावातल्या दोन पिढ्यांना गाडी चुकू दिली नाही. पुढे घशाच्या आजाराने तो आवाज स्वरयंत्रासकट काढून टाकावा लागला. आता ते गळ्याच्या पायथ्याशी असलेल्या छिद्रातून श्वास घेतात, त्यावर पातळ गळपट्टा बांधतात, आणि बोलायचे असेल तेव्हा मुठीत मावणारे एक यंत्र हनुवटीखाली दाबतात. यंत्र घशाला कंप देते, ओठ त्या कंपाचे शब्द करतात. भुंग्याने बोलायला शिकावे तसा तो आवाज येतो. एका सुरात, चढ नाही, उतार नाही. त्या यंत्राची बॅटरी आता अर्धे वाक्य होईपर्यंत पुरेनाशी झाली होती. सुनेशी भांडण सुरू करतो, पण संपवता येत नाही, अशी आपली तक्रार त्यांनी दोन हप्त्यांत सांगितली, आणि दिरांनी त्यावर म्हटले की मग दुरुस्त कशाला करता, घरात शांतता आहे ती राहू द्या.

वहिनींनी त्यांना टेबलाशी बसवले. जुनी बॅटरी काढली, आणि काम होईपर्यंत काकांना बोलता यावे म्हणून टेबलावरच्या वीजपेटीतून दोन बारीक तारा त्यांच्या यंत्राला जोडून दिल्या. काकांचा आवाज आता टेबलाला बांधलेला होता. सुटलेली बॅटरी वहिनींनी सवयीने नाकाजवळ नेली, श्वास ओढला, मान हलवली.

काका एकटक पाहत होते. त्यांनी यंत्र हनुवटीखाली धरले.

"वहिनी, तुम्ही नाक ओढलंत. वास नाही घेतलात. तुम्हाला वास ये..."

वहिनींचा हात त्यांच्याही नकळत पुढे गेला आणि त्यांनी तार उपटली. वाक्य मध्येच मेले. समोर दीर एका गिऱ्हाइकाला कव्हरे दाखवीत होते; त्यांनी मान वळवली, भुंगा थांबलेला पाहिला, पुन्हा कव्हरांकडे वळले.

उपटलेली तार हातात धरून वहिनी तशाच बसल्या. आपण आत्ता एका माणसाची वाचा हिरावून घेतली, हे उमगायला त्यांना क्षणभर लागला. त्यांचे कान लाल झाले. काका रागावले नव्हते. त्यांनी हाताने तार परत मागितली, स्वतःच जोडली, आवाजाचे चाक खाली फिरवले. लहान आवाजात बोलण्याची सोय त्या यंत्रात होती, कुजबुजण्याची मात्र नव्हती.

त्याच सुमारास वरच्या मजल्यावर जाऊ सासऱ्यांना चहा देत होती. हे सारे तिने आणि सासऱ्यांनी नंतर ज्याला त्याला सांगितले, म्हणून मला ठाऊक. पेला हातात देताना ती थांबली. खालून काहीतरी गोडसर येतेय, असे म्हणाली. सासऱ्यांनीही मान उंचावली. त्यांना तो वास त्याआधीच आला होता, आणि तो कसला हे सांगायला त्यांना दुसऱ्या कुणाची गरज नव्हती.

"थोरली खाली आहे ना?" त्यांनी विचारले.

"आहेत की. टेबलाशीच आहेत."

"मग झालं."

तरी त्यांनी चहा प्यायला नाही. पेला धरून जिन्याच्या दिशेने पाहत राहिले. आणि खाली दिरांनी दोनदा नाक वर केले, वहिनी डिंक सोडवायचे औषध वापरताहेत असे मनाशी ठरवले, आणि नियम पाळला.

घरातल्या तीन नाकांना वास येत होता आणि तिघेही चौथ्या नाकावर विसंबून होते. ज्या टेबलाकडे त्या सर्वांची श्रद्धा वळली होती, त्या टेबलाशी ज्यांना वास येत नाही अशी दोन माणसे समोरासमोर बसली होती.

काका बोलू लागले. श्वास गळ्यातून घेऊ लागल्यापासून त्यांचे नाकही शोभेचे उरले होते. नात बागेतून फुले आणून देते, म्हणाले, ती मी हुंगतो. छान म्हणतो.

"म्हणून ओळखलं. ज्याला वास येतो, त्याचा चेहरा श्वासानंतर बदलतो. तुमचा आणि माझा आधीच बदलतो."

वहिनींनी हात जोडले नाहीत, पण आवाजात ते होते. "काका, कुणाला सांगू नका."

"वर कोण असतं?"

"सासरे. त्यांना उतरता येत नाही."

काकांनी जिन्याकडे पाहिले, जिन्याखालच्या मांडणीकडे पाहिले, आणि यंत्र पुन्हा हनुवटीला लावले. ते निराळेच काही सांगू लागले. स्थानकावर गाडी फलाटाला लागलेली असायची, लोक चढत असायचे, पाटी डोळ्यांसमोर असायची. तरी ती गाडी पुकारण्याची त्यांना सक्त ताकीद होती. नवीन असताना त्यांना याचे हसू यायचे. मग एकदा समोर उभी असलेली गाडी त्यांनी पुकारली नाही, आणि ती अर्धी रिकामी निघून गेली. फलाटावरचा प्रत्येक जण शेजाऱ्याकडे पाहत होता.

"दिसणारी गाडीही पुकारायची, वहिनी. जो तो समजतो, ज्याला कळायला हवं त्याला कळलंय."

वहिनी ऐकत होत्या, पण त्यांची नजर मांडणीवर गेली होती. सकाळपासून मनाच्या एका कोपऱ्यात तो दुमडलेला कोपरा सलत होता. इथून बॅटरी दिसत नव्हती, वरच्या फळीच्या सावलीत होती. जाऊन पाहणे सोपे होते. पण पाहून, टेकवून, ऐकून जे कळते ते सकाळीही कळले होते. जे कळत नव्हते ते विचारल्यावाचून कळणार नव्हते. विचारले की टेबल गेले. मग वर खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. सासरे जिन्याच्या बाजूला वळत असावेत.

"भाऊजी," वहिनी म्हणाल्या. आवाज त्यांना स्वतःलाच परका वाटला. "जरा इकडे या. इथे काही वास येतोय का?"

दीर भिंतीवरून डोकावले. आधी त्यांना ती थट्टा वाटली. "मला विचारताय? टेबलावर एकच नाक ना?" मग वहिनींचा चेहरा पाहून त्यांचे हसू मावळले. "येतोय की. मघापासून येतोय. मला वाटलं, तुम्हीच काही लावलंय."

वहिनी तोवर उठूनही गेल्या होत्या. त्यांनी आधी भिंतीवरचे बटण बंद करून मांडणीची वीज तोडली, मग खाली वाकल्या. टॅब्लेटची सपाट बॅटरी उशीसारखी फुगली होती, आणि दुमडलेल्या कोपऱ्यातून धुराचा एक धागा जिन्याच्या लाकडाकडे सरळ वर चढत होता. त्यांनी पदर तोंडाला लावला, लांब चिमट्याने तिला अलगद उचलले, वाळूच्या बादलीत ठेवले, वर ओंजळभर वाळू लोटली आणि बादली उचलून मागच्या दाराकडे धावल्या. दाराला कव्हरांची खोकी छातीपर्यंत रचलेली होती.

दिरांनी ती पाहिली. आपणच रचलेली. त्यांनी काउंटरवरून उडी घेतली आणि पुढच्या दारात उभ्या असलेल्या गिऱ्हाइकांना दोन्ही हातांनी बाजूला सारले. वहिनी बादली अंगापासून दूर धरून, कव्हरांच्या माळांखालून वाकून, सगळ्यांच्या देखत रस्त्यावर आल्या. बादली रस्त्याच्या मधोमध टेकवून मागे सरल्या तोच वाळू आतून हलली. पांढरा, दाट धूर फुसकारत निघाला, आणि त्यामागोमाग वीतभर जाळ. समोरच्या दारात शिंपीणबाई हातात कात्री घेऊन उभ्या होत्या; ही बॅटरी कुणाची, हे त्यांना सांगावे लागले नाही.

इकडे काका उठले होते. यंत्र टेबलाला बांधलेले. त्यांनी ते तसेच ठेवले, म्हणजे आपला आवाज टेबलावर ठेवला, गळपट्ट्यावर तळहात दाबून धुरापासून श्वास सांभाळला आणि जिना चढून गेले. वर जावेने एक अनोळखी म्हातारा गळा धरून, ओठ हलवीत, हातवारे करीत आत आलेला पाहिला आणि तिची बोबडी वळली. "मला वाटलं चोर," ती पुढे सांगत असे, "पण चोर मामंजींची खुर्ची कशाला ढकलेल?" सासऱ्यांना मात्र हातवाऱ्यांची गरज नव्हती. त्यांनी तिला फक्त एवढेच सांगितले की खुर्ची धर. दोघांनी मिळून ती जिन्याच्या तोंडाशी आणली. तिथून पुढे उतरावे की थांबावे, हे ठरायच्या आत वहिनी परत जिन्याच्या पायथ्याशी आल्या.

मांडणीवर अजून बॅटऱ्या होत्या. फुगलेलीच्या अंगाला लागून ज्या होत्या त्या सगळ्या तापलेल्या. मनगटाला सारख्याच गरम. धूर कुठून निघत नव्हता. आणखी एखादी पाझरत असेल तर ती कोणती, आणि नसेल तर ही भीती कुठे थांबवायची, हे सांगणारा साक्षीदार त्यांच्यापाशी नव्हता. मागे दीर उभे होते, दारात निम्मी गल्ली. वर, जिन्याच्या तोंडाशी, सासरे.

"मामंजी," वहिनी म्हणाल्या, "मला वास येत नाही. तापापासून येत नाही. तुम्हाला अजून येतोय का?"

सासऱ्यांनी डोळे मिटले. त्यांच्या नाकपुड्या किंचित फुलल्या. श्वास आत गेला, आणि मग चेहरा बदलला.

"येतोय."

वहिनींनी पहिली बॅटरी चिमट्यात धरून दिरांच्या हातातल्या घमेल्यात टाकली. दीर ती रस्त्यावर ठेवून आले. "आता?"

"येतोय."

दुसरी गेली. "आता?"

"येतोय. तेवढाच."

एकेक बॅटरी उचलली जात होती, दीर धावत ये-जा करीत होते, आणि प्रत्येक वेळी त्या खालून विचारीत आणि ते वरून उत्तर देत. गुरुशिष्यांचे संवाद आपण पुष्कळ वाचलेले असतात; त्यांत शिष्य आधी शरण जातो आणि मग प्रश्न विचारतो. इथे शरण जाणे आणि विचारणे वेगळे उरले नव्हते. शेवटी मांडणीच्या फटीत अडकलेली, कानातल्या बोंडांच्या डबीतली, बोटाच्या पेराएवढी एक बॅटरी निघाली. ती फुगलेलीच्या खालीच घसरली होती आणि तिच्या कडेला ओल होती. ती बाहेर गेल्यावर वहिनींनी विचारले तेव्हा उत्तराला वेळ लागला. सासऱ्यांनी दोनदा श्वास घेतला.

"कमी झाला," ते म्हणाले. आणि मग, "गेला."

वहिनी पहिल्या पायरीवर बसल्या. वर पाहण्याचे धैर्य नव्हते.

"मला चहाच्या आधीपासून येत होता," सासरे म्हणाले.

"मग बोलला का नाहीत?"

"तू खाली होतीस."

दिरांनी, धाप लागलेली असतानाही, घसा खाकरून टेबलाचा विषय काढायचा प्रयत्न केला. म्हणजे आता नाक नाही, तर मग टेबलाचे काय, असे काहीसे ते म्हणू लागले. सासऱ्यांनी त्यांना पुरते बोलू दिले आणि मग विचारले की घरात नाके किती.

"माझं धरून तीन," दीर म्हणाले.

"तुझं अर्धं धर," सासरे म्हणाले. "अडीच पुष्कळ झाली. नियम बदलला. हात तिचे, नाक सगळ्यांचं."

जावेला हसू फुटले आणि लगेच रडूही आले. पुकारेकाका जिना उतरून, दुकान ओलांडून, पुन्हा टेबलाशी आपल्या जागी येऊन बसले. त्यांचे काम अर्धे राहिले होते. वहिनींनी हात धुतले, यंत्रात नवी बॅटरी बसवली, तारा सोडवल्या आणि यंत्र त्यांच्या मुठीत ठेवले. काकांनी ते हनुवटीला लावले. सगळ्यांना वाटले, आता काहीतरी मोठे बोलतील. ते म्हणाले की मागच्या दारापुढची खोकी आधी हलवा.

ती त्याच संध्याकाळी हलली. दिरांनी ती स्वतः उचलून माडीवर नेली, कुणी दुसऱ्यांदा सांगायची वाट पाहिली नाही. शिंपीणबाई काही दिवस वहिनींशी बोलल्या नाहीत; नवा टॅब्लेट आल्यावरही जरा तुटकच बोलत. काही गिऱ्हाइके दुसरीकडे जाऊ लागली, त्यांतली काही परत आली, काही आली नाहीत. वहिनींची वासाची जाण अजून परतलेली नाही.

माझ्या कानातल्या यंत्राची बॅटरी त्याच टेबलावर बदलली जाते, म्हणून आता तिथे जे चालते ते मी नेहमी पाहतो. वहिनी बॅटरी सोडवतात, काचेवर ठेवतात आणि मान वर करून साऱ्या दुकानाला ऐकू जाईल असे विचारतात, "वास येतोय का?" नवे गिऱ्हाईक दचकते, कुणी चोरून स्वतःचा सदरा हुंगते. दीर काउंटरवरून "नाही" म्हणतात. जाऊ स्वयंपाकघरातून म्हणते. वहिनी तरीही थांबतात. जिन्यावरून, सावकाश, श्वास पुरता घेऊन झाल्यावर, तिसरे उत्तर येते. आणि ते आल्यावाचून त्या चिमट्याला हात लावीत नाहीत.